'जैत रे जैत' की 'सैराट'?

'जैत रे जैत' (1977) आणि 'सैराट' (2016), दोन्हींत गाणी वजा केली तर सिनेमा लंगडा पडेल. पण दोघांचा बाज अगदी वेगळा.

'जैत रे जैत'मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी ठाकर आदिवासींच्या कथेला चाली दिल्या, शब्द ना. धों. महानोरांचे. नायक नाग्या स्वतः ढोल वाजवणारा, म्हणून ढोल इथे नुसता ठेका उरत नाही, तो पात्रच होतो. डझनाहून जास्त गाणी, तरी कथा अडत नाही. उलट गाणीच ती पुढे ढकलतात. चाली मात्र गुणगुणायला सोप्या नाहीत. भल्याभल्यांची फे फे उडते.

'सैराट'मध्ये अजय-अतुलची गाणी चारच. पण वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला! करमाळ्याकडच्या पोरांच्या प्रेमावर व्हायोलिनांचा तो लोट आधी जरा जास्तच वाटला होता. नंतर पटलं, सोळा-सतराव्या वर्षी प्रेम एवढंच मोठं ऐकू येतं. म्हणून तर शेवटची ती शांतता अंगावर येते.

वरातीत अर्थातच 'झिंगाट'. एकट्यानं, हेडफोन लावून ऐकायचं असेल तर माझं मत 'जैत रे जैत'ला.