कुलवृत्तांत, दुवे आणि विभक्ती : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कुलवृत्तांताची कच्ची पीडीएफ नातेवाइकांना पाठविली आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आत्याबाईंचा फोन आला : “अरे, माझ्या वडिलांच्या नावावर टिचकी मारली की तुझा कॅलिफोर्नियातला चुलतभाऊ उघडतो.” आजोबा विठ्ठल रामचंद्र आणि त्यांच्या नावाने बारसे झालेला नातूही विठ्ठल रामचंद्र, त्यामुळे माझा हात चुकला हे खरे, परंतु डॉकबुक या एक्सएमएल खूणपद्धतीत पुस्तक लिहिण्याच्या ज्या संगणक-आज्ञावलीसाठी, म्हणजे एक्सएमएल संपादकासाठी, मी निवृत्तिवेतनातून पैसे मोजले, त्याने ही फाइल ‘निर्दोष’ ठरविली होती. त्याची तपासणी दुव्याच्या टोकाशी त्या आयडीची (नोंदीला दिलेल्या ओळखनावाची) नोंद आहे की नाही एवढेच पाहते. ती नोंद आजोबांची आहे की नातवाची, हे तिला कळत नाही, आणि ते कळावे ही अपेक्षा अवाजवी आहे हे मलाही मान्य आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. दुवा जोडताना जी चौकट उघडते, तीत सर्व आयडींची एकच सलग यादी येते आणि शेजारी नोंदीचे शीर्षक दिसत नाही. आयडी देवनागरीत देता येतात, फक्त मधे मोकळी जागा चालत नाही आणि आरंभी अंक चालत नाही. म्हणून ‘४_विठ्ठल’ नाकारले गेले आणि ‘विठ्ठल_४’, ‘विठ्ठल_६’ अशी पिढीवार नावे द्यावी लागली. आता त्या यादीत एकापाठोपाठ सात विठ्ठल उभे असतात. मदतकक्षाला तीन पत्रे लिहिली, तेव्हा ‘रचना अशीच अभिप्रेत आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले.

पहिले दोन महिने मी डॉकबुकच्या एक्सरेफ या दुवा देणाऱ्या घटकावर (खुणेवर) बेहद्द खूश होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. तो रिकामा ठेवायचा, आयडी द्यायचा, आणि छापील मजकूर तो, दुवा जिकडे जातो त्या नोंदीच्या किंवा प्रकरणाच्या शीर्षकावरून, स्वतःच घेतो. शीर्षक एका ठिकाणी सुधारले की सर्वत्र सुधारते. भ्रमनिरास झाला तो ‘बडोद्याचे घराणे’ या प्रकरणाकडे दुवा देताना. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय आधी येते आणि नामाला धक्का लागत नाही. आपल्याकडे ‘घराणे’ शब्दाला सप्तमी लागताच त्याचे ‘घराण्यात’ होते, आणि यंत्राने आणलेल्या मजकुरापुढे मी प्रत्यय टंकला तर पानावर ‘बडोद्याचे घराणेत’ उमटते. ही अडचण या एका संपादकाची नाही, डॉकबुकच्या मुळातलीच आहे. तरीही माझा सर्वाधिक वेळ तिनेच खाल्ला. शेवटी वाक्याच्या ओघातील सगळे एक्सरेफ काढून तेथे लिंक हा घटक घातला, कारण त्यात मजकूर आपण लिहितो, आणि एक्सरेफ केवळ कंसातील ‘पाहा :’ पुढे ठेवले. आत्याबाईंच्या वडिलांचा घोटाळा याच अदलाबदलीत झाला.

लिंकचा एक लाभ मात्र अनपेक्षित होता. लेकीसुनांची नोंद एकच असते आणि आयडीही एकच, पण माहेरच्या पानावर माहेरचे नाव आणि सासरच्या पानावर सासरचे नाव लिहून दोन्हींवरून त्याच नोंदीकडे जाता येते. छापील जुन्या वृत्तांतांत अर्ध्या स्त्रिया लग्नानंतर हरवतात, त्या येथे सापडतात.

बाहेरील संकेतस्थळांच्या पत्त्यांबद्दल थोडक्यात सांगतो. असे दुवे देणाऱ्या जुन्या यूलिंक या घटकाचे काम डॉकबुकच्या पाचव्या आवृत्तीत लिंककडेच आले आहे. पत्त्यातील अँपरसँड (&) मूळ मजकुरात तसाच चिकटवला तर अख्खी फाइल अडते. देवनागरी पत्त्याचे सांकेतिक रूप (टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि अंक यांत लिहिलेले) तर केवढे होते, ‘बडोदा’ या पाच चिन्हांच्या शब्दाचीच पंचेचाळीस अक्षरे!

पुढच्या महिन्यात संपादकाच्या देखभालीचे वार्षिक शुल्क भरायचे आहे. घेतलेली आवृत्ती शुल्काविनाही चालते, म्हणून मी ते भरणार नाही. सात विठ्ठलांची जुळणी एका वहीत लिहून ठेवली आहे आणि तिला चाळीस रुपये पडले.