उमेदवार तपासायची दोन सरकारी ॲपं: खानदेशातल्या मतदाराला कितपत उपयोगी?

राष्ट्रपती निवडायला आपण मतदान केंद्रावर जात नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हाही मतं दिली ती खासदार-आमदारांनी. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात. ज्या एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, ताईंना अनेकदा आमदार केलं, तिथल्या मतदाराला त्या निवडणुकीत बटण दाबायचं नव्हतं. खानदेशातला मतदार थेट 'अध्यक्ष' निवडतो तो एकाच ठिकाणी, नगरपालिकेत. म्हणून उमेदवारांची माहिती देणारी ॲपं इथे नगराध्यक्षपदाच्या कसोटीवर तपासली आहेत. या कसोटीवर ती थोडी लंगडी पडतात.

ॲपं दोन. 'नो युवर कँडिडेट' हे भारत निवडणूक आयोगाचं, २०२२ पासूनचं. 'मताधिकार' हे राज्य निवडणूक आयोगाचं. पहिला घोटाळा इथेच होतो. पालिकेची निवडणूक लागली की लोक पहिलं ॲप उतरवतात, त्यात आपल्या गावचा उमेदवार सापडत नाही आणि ॲप बंद पडलं म्हणून काढून टाकतात. ॲप बंद नसतं. ते फक्त केंद्रीय आयोगाच्या निवडणुकांचं, म्हणजे लोकसभा-विधानसभेचं आहे. पालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत हा राज्य आयोगाचा प्रांत, आणि दोन्हीकडची माहिती एकमेकांना जोडलेली नाही.

तरीही 'नो युवर कँडिडेट' मोबाइलमध्ये असावं, कारण नगराध्यक्षपदाला उभे राहणारे कित्येक जण आधी विधानसभा लढवून बसलेले असतात किंवा तशा घरातले असतात. निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. प्रत्येकासमोर गुन्हेगारी पार्श्वभूमी 'आहे' की 'नाही' हे दिसतं आणि नावावर दाबलं की नमुना २६ मधलं, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं, शपथपत्र उघडतं. नावाने शोधत बसू नका. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावं टाकली तर यादी संपत नाही, आणि इंग्रजी स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तर माणूसच सापडत नाही. मतदारसंघावरून जा. तिथेही एक अडचण आहे. शपथपत्रं म्हणजे स्कॅन केलेली पानं: काही आडवी, काही अंधूक, काही हाताने लिहिलेली. आतला मजकूर शोधता येत नाही. एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात, म्हणून शपथपत्रंही एकाहून जास्त दिसू शकतात. शेवटच्या तारखेचं वाचा.

'आहे' आणि 'नाही' या शिक्क्यावर कुणी निर्णय घेऊ नये. रास्ता रोको केला म्हणून गुन्हा दाखल झालेला आणि ठेवीदारांचे पैसे बुडवल्याचा गुन्हा असलेला, दोघांना ॲप एकाच ओळीत बसवतं. फरक कलमांत असतो. भारतीय दंड संहितेची १४३ (बेकायदा जमाव), १८८ (आदेशाचा भंग), ३४१ (वाट अडवणं) ही बहुतेक वेळा मोर्चे-आंदोलनांची कलमं. ३५३ लागलं असेल तर सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचा किंवा बळजबरीचा आरोप आहे. तिथे थांबून वाचा. ४२० फसवणूक, ४०९ विश्वासघात, ३०७ खुनाचा प्रयत्न. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे आकडे असतात: १८८ चं २२३, ३५३ चं १३२, ४२० चं ३१८(४), ४०९ चं ३१६(५), ३०७ चं १०९. जुने आकडे पाठ असलेला माणूस नव्या शपथपत्रात हमखास गोंधळतो. ठेवीदार संरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा, म्हणजे 'एमपीआयडी', कुठे लिहिलेला असेल तर ती ओळ दोनदा वाचा. ठेवी अडकलेल्या पतसंस्था आपल्याकडे नव्या नाहीत.

गुन्ह्याच्या रकान्यात पोलीस ठाणं, एफआयआर नंबर, न्यायालय आणि आरोप निश्चित झाले की नाही हे लिहावं लागतं. तो एफआयआर नंबर आणि वर्ष ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा न्यायालयाच्या शोधात टाकलं की खटला कुठवर आला ते कळतं. शिक्षा वेगळ्या रकान्यात असते. पालिकेतला कारभार शिक्षेपर्यंत जाऊ शकतो हे जळगावकरांना सांगायला नको. तिथल्या पालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ साली ४८ जणांना दोषी ठरवलं होतं.

मालमत्तेचं पान सगळे आधी उघडतात आणि तेच सर्वात जास्त फसवतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, त्यामुळे रावेर-यावलकडच्या केळीवाल्याचं पाच वर्षांचं आयकर विवरण किरकोळ दिसू शकतं आणि जमिनीची किंमत कोटीत. एवढ्यावरून संशय घेऊ नये. दोन निवडणुकांच्या शपथपत्रांत मालमत्ता 'दुप्पट' झाली अशी बातमी येते, तेव्हाही बऱ्याचदा गट तोच, क्षेत्र तेच, फक्त बाजारभाव वाढलेला. खरी तुलना करायची तर दोन्ही शपथपत्रांतले सारखे गट बाजूला काढा. उरलेलं पाहा: नवे गट, खरेदीची तारीख, खरेदीच्या वेळची किंमत, ठेवी, गाड्या, सोनं, दुसऱ्यांना दिलेली कर्जं आणि शेवटी देणी. नव्या गटाचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर विभाग नाशिक, मग जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक असं जाऊन फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. गट क्रमांकच लिहिलेला नसेल तर तोही एक शेरा समजा. रकाने कोरे ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच मनाई केली आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५अ प्रमाणे खोट्या माहितीला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जागा महिलांसाठी राखीव असेल आणि वहिनींच्या नावाने भाऊच कारभार करणार हे गावाला ठाऊक असेल, तर पती-पत्नीचा रकाना आधी वाचा. त्यात जोडीदाराची मालमत्ता, देणी, उत्पन्नाचा स्रोत आणि सरकारी ठेके येतात. मात्र जोडीदारावरचे गुन्हे येत नाहीत. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना यांतली पदंही नमुना २६ मध्ये विचारलेली नाहीत. आपल्याकडच्या राजकारणाचा अर्धा जीव सहकारात आहे, त्यामुळे ही उणीव इथे जास्त जाणवते.

आता 'मताधिकार'. मतदार यादीतलं नाव आणि केंद्र शोधायला हे ॲप चांगलं आहे. उमेदवारांची माहिती त्यात संक्षिप्त येते: गुन्हे, शिक्षण, आर्थिक स्थिती. चाळायला ठीक, तपासायला अपुरी. त्याहून मोठी अडचण वेळेची. २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला आणि मतदान २ डिसेंबरला होतं (काही ठिकाणी अपिलांमुळे ते २० डिसेंबरवर गेलं). म्हणजे अंतिम यादी हातात आल्यावर सहा दिवस. त्यात नगराध्यक्षाचे उमेदवार आणि प्रभागातल्या साधारण दोन जागांचे उमेदवार, सगळ्यांची शपथपत्रं कोण वाचणार? ज्याला खरंच तुलना करायची आहे त्याने छाननी झाली की लगेच नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांपासून सुरुवात करावी, नगरसेवक नंतर. जामनेर आणि दोंडाईच्यात त्या वेळी नगराध्यक्षपद बिनविरोध झालं. तिथे तुलनेचा प्रश्नच उरला नाही.

खर्चाच्या मर्यादेकडेही लक्ष असू द्या. त्या निवडणुकीत नगराध्यक्षासाठी 'अ' वर्ग पालिकेत १५ लाख, 'ब' वर्गात ११ लाख २५ हजार, 'क' वर्गात साडेसात लाख रुपये अशी मर्यादा होती. भुसावळ, नंदुरबार ही 'अ' वर्गातली गावं. एका सभेचा मांडव, गाड्या आणि जेवणावळी मनाशी मोजल्या की कोण मर्यादेत आहे याचा अंदाज येतो. हे कोणतंच ॲप मोजून देत नाही.

दोन्ही ॲपं माणूस गाळायला कामाची आहेत, निवडायला नाहीत. 'आपला मानूस शे' म्हणून मत देणाऱ्याला ती काहीच सांगत नाहीत. पाणी किती दिवसांनी येतं, भुयारी गटारीचा ठेका कसा दिला, घरपट्टीची वाढ कुणी मंजूर केली हे विचारणाऱ्यालाही नाही. त्यासाठी पालिकेच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षण अहवाल लागतात. उमेदवार माजी नगरसेवक किंवा माजी नगराध्यक्ष असेल तर माहिती अधिकारात ते मागता येतात: अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवसांची मुदत. आचारसंहिता लागल्यावर अर्ज केला तर कागद मतदानानंतर येतील, म्हणून दोन-अडीच महिने आधी द्या. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. सभेची तारीख किंवा वर्ष आणि विषय नेमका लिहा, नाहीतर माहिती मोघम मागितली म्हणून अर्ज परत येतो.

गुण द्यायचे तर 'नो युवर कँडिडेट'ला लोकसभा-विधानसभेसाठी पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण स्कॅनमुळे कापला. 'मताधिकार'ला केंद्र शोधण्यासाठी चार, उमेदवार पारखण्यासाठी दोन.

मतदान कक्षात मोबाइल नेता येत नाही, म्हणून नाव आणि क्रमांक घरूनच कागदावर लिहून न्या. सारख्या नावाचे दोन उमेदवार असतील तर चिन्हही लिहा. पालिकेच्या मतदानात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते. नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागाची दोन (काही प्रभागांत तीन) मतं दिल्यावरच यंत्राची लांब बीप वाजते. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण मत अर्धवट टाकून बाहेर पडू नका.