फोंड्याचा कुत्र्यांचा दवाखाना: टोचतात कमी, तपासतात जास्त

पाचापैकी चार तारे. फोन कोणी उचलत नाही म्हणून एक कापला.

दरवर्षी मोबाईलवर 'व्हॅक्सिनेशन ड्यू'चा मेसेज आला की निमूट पैसे मोजून येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आमचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, सावईवेऱ्याच्या बाजूला. आमचा टायगर गावठी. पाटाचं पाणी पितो, माडाखालच्या उंदरांमागे धावतो आणि रात्री कुठे भटकतो ते त्यालाच ठाऊक. नणंदेची कुकी बीगल, पणजीला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि पंख्याखाली झोपते. आधीच्या दवाखान्यात दोघांना दरवर्षी एकच 'नाइन इन वन', म्हणजे अनेक रोगांवरची एकत्र लस, आणि वर रेबीज. तपासणी फुकट, म्हणजे तपासणी नाहीच. टेबलावर चढवा, टोचा, उतरवा.

फोंड्याच्या डॉक्टर बाई तपासणीचे पैसे वेगळे घेतात. नणंदेने तिथेच तोंड वाकडं केलं, मला मात्र तो व्यवहार पटला. सगळी कमाई बाटलीतून होणार असेल तर बाटली दरवर्षी फुटणारच. इथे आधी काट्यावर वजन, मग हिरड्या, कान, गळ्याखालच्या गाठी, ताप. ते झाल्यावर जुनं कार्ड घेऊन बसल्या. एकेका स्टिकरवर बोट ठेवून कोणती लस कधी दिली ते वहीत उतरवलं. मी म्हटलं, "डॉक्टर, यंदाचं नाइन इन वन राहिलंय." त्या म्हणाल्या, "काकी, ते यंदा नकोच. पण लेप्टो चुकवलीत तर मी ओरडेन."

त्यांनी समजावलं ते असं. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या कुत्र्यांच्या रोगांवरच्या लशीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. पिल्लूपणीचे डोस आणि नंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर त्यांचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जी जागतिक संघटना, तिची, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएची, मार्गदर्शक तत्त्वंही तीन वर्षांच्या आत ही लस पुन्हा देऊ नका असंच सांगतात. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, गोष्ट वेगळी. ती मेलेल्या जंतूंची लस, तिचा जोर साधारण वर्षभर. हे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून कुत्र्यात, आणि कुत्र्याच्या मुतातून आपल्यातही. कुळागरात, शेतात अनवाणी वावरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून टायगरला दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी. फार उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे सोडून.

इथे दुकानदारीची गंमत कळते. एकत्र लशीच्या जोडीत एका बाटलीत वाळवलेल्या लशीची पांढरी वडी असते आणि दुसरीत पातळ लस. ते पातळ म्हणजेच बहुतेक वेळा लेप्टो, आणि त्यातच वडी विरघळवतात. म्हणून लेप्टो पाहिजे तर सगळंच घ्या, असं आम्हाला इतकी वर्षं ऐकवलं होतं. या बाई रेबीज आणि लेप्टो एकत्र असलेली नोबिवॅक आरएल ही लस ठेवतात. एक सुई, कार्डावर एक स्टिकर, वर्षाचं काम झालं. फ्रिज उघडला तेव्हा आत थर्मामीटर दिसला. लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते माहीत आहे, तेव्हा हा थर्मामीटर मला भिंतीवरच्या सर्टिफिकेटांपेक्षा मोलाचा वाटला.

रेबीजच्या बाबतीत मात्र बाई ऐकून घेत नाहीत. काही रेबीज लशींना बाहेरच्या देशांत तीन वर्षांची मान्यता आहे हे मी वाचून गेले होते. त्या म्हणाल्या, टायगरसारखा मोकाट फिरणारा असेल तर इथे वर्षाला एक, वाद नको. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं सरकारबरोबर गावोगाव जाळी घेऊन फिरली, टोचलेल्या कुत्र्यांना रंगाची खूण करत गेली. 2021 साली मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. हे बरंचसं टोचण्यामुळेच झालं. शिवाय कुत्र्यांना राज्याची हद्द कळत नाही.

कुकीचं प्रकरण निराळं. मागे एकत्र लस दिल्यावर तिचं तोंड सुजलं होतं. तिचं रक्त घेऊन अँटिबॉडी तपासायला पाठवलं. डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस तिन्हींचं संरक्षण शाबूत, म्हणून ती लस टळली. ही तपासणी लेप्टोसाठी कामाची नाही आणि स्वस्तही नाही. नणंद म्हणाली, त्या पैशात लसच झाली असती. झाली असती, आणि तोंडही पुन्हा सुजलं असतं. चवथीला सगळे गावच्या घरी जातात तेव्हा कुकीला बोर्डिंगमध्ये ठेवतात, म्हणून तिला केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांत एकमेकांपासून लागणाऱ्या खोकल्याची, लस वर्षाला लागते. टायगरला ती दिलीच नाही. आणि 'नाइन इन वन'मधला कोरोना? तो कुत्र्यांच्या पोटाचा, कोविडशी त्याचा संबंध नाही, आणि ती लस घ्या असं डब्ल्यूएसएव्हीए म्हणतही नाही. 2021 साली आमचा शेजारी तेवढ्यासाठी रांगेत उभा होता.

पिल्लूवाल्यांना एकच सांगते, तिथे काटकसर करू नका. आईच्या दुधातून आलेली ताकद लशीला आड येते, म्हणून दोन डोस झाले की संपलं असं नसतं. शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतरच पडला पाहिजे, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास आणखी एक. आमच्या वाड्यावर दहाव्या आठवड्यात थांबवलेलं एक पिल्लू पार्व्होने रक्ताची हगवण लागून गेलं.

आता तक्रारी. बसायला दोनच बाकडी, त्यावर मांजरवाले आणि कुत्रेवाले शेजारीशेजारी. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात, ॲलर्जी आली तर कळावी म्हणून, ते बरोबरच आहे, पण पंखा तरी लावा. दवाखाना फक्त संध्याकाळी असतो. गाडी बाजाराच्या बाजूला ठेवून चालत या, आणि जुनं कार्ड विसरू नका. कार्ड नसेल तर बाई तपासतात, पण टोचत नाहीत, आधी मागची लस कुठे घेतली तिथे फोन करायला लावतात.