‘मिलिटरी ग्रेड’ कव्हरच्या खोक्यावर जाऊ नका

नवा फोन घेताना माणूस चार दुकानं फिरतो, दहा जणांना विचारतो. कव्हरची वेळ येते तेव्हा मात्र खिसा आधीच मोकळा झालेला असतो, घरी जायची घाई असते, आणि दुकानदाराला हे बरोबर ठाऊक असतं. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मोबाईलचं सामान विकणाऱ्या एका दुकानात आमचं हेच झालं. दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण असलाच माल बाकीकडेही लटकलेला पाहिलाय.

फोन होता २२ हजारांचा. पोरगा म्हणाला, साधं पारदर्शक कव्हर बास. तेवढ्यात काउंटरवरच्या पोरानं एक जाडजूड काळं खोकं पुढे सरकवलं. “ताई, हे मिलिटरी ग्रेड आहे. वरनं ट्रॅक्टर गेला तरी काय होत नाही बघा.” खोक्यावर छापील किंमत १,९९९, आम्हाला ८९९ला. आत एक चकचकीत कार्ड: कव्हर घातलेलं असताना वर्षभरात स्क्रीन फुटली तर कंपनी बदलून देणार. खरं सांगायचं तर कव्हरपेक्षा त्या कार्डासाठीच पैसे मोजले.

पुढे सीबीएसपाशी, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी, रिक्षावाल्याला भाडं देताना फोन हातातून निसटला. उंची कमरेएवढी, खाली पेव्हिंग ब्लॉक, आणि पडला तो कोपऱ्यावर. वरच्या कोपऱ्यातून तडे निघून अर्ध्या स्क्रीनभर पसरले. कव्हरला ओरखडाही नाही! कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर असं पानच नाही म्हणून उत्तर आलं.

दुरुस्तीवाल्यानं ते कव्हर हातात घेऊन ब्लेडनं कोपरा कापून दाखवला. चांगल्या कव्हरच्या कोपऱ्यात पोकळी किंवा टीपीयूचा, म्हणजे रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा, जाड थर असतो, दणका तिथं जिरतो. याच्यात बाहेरून पोकळीची नुसती नक्षी होती आणि आत सलग कडक प्लास्टिक. “म्हणजे दणका सरळ फोनला,” तो म्हणाला. मग त्यानं फोन कव्हरसकट काउंटरवर पालथा ठेवला. स्क्रीनच्या कडेला कव्हरची उंची जवळपास नव्हतीच, काच थेट फरशीला टेकत होती. ही तपासणी दुकानातच अर्ध्या मिनिटात होते. पालथा ठेवा, काच टेकते का बघा. उताणा ठेवा, कॅमेरा टेकतो का बघा. दोन्हीकडे कव्हरची कड उंच हवी. कोपरा अंगठ्यानं दाबला की थोडा दबला पाहिजे. चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनमध्ये, आपण कातडं वाकवून आणि वास घेऊन मगच चप्पल पायात घालतो, तसंच हे.

आता ‘मिलिटरी ग्रेड’चं. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचण्यांचं मानक आहे. त्यातल्या एका चाचणीत वस्तू ४८ इंचांवरून, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरवरून, २६ वेळा टाकतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. त्यासाठी एकाऐवजी पाच नगांपर्यंत वापरायला परवानगी आहे, आणि पडायचं ते काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवूडवर. आपल्या रस्त्यावर प्लायवूड कोण अंथरतंय! मुख्य म्हणजे ते खातं कुठल्याही कव्हरला प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनीनं स्वतः करायची किंवा करवून घ्यायची असते. चांगल्या कंपन्या करतातही, पण हे शब्द खोक्यावर छापायला कुणी कुणाला विचारत नाही.

आमच्या खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं, कस्टमर केअरचा नंबर नव्हता. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं २०११च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ज्या कंपनीला पत्ताच नाही, ती स्क्रीन कुठून बदलून देणार?

कार्ड घेऊन दुकानात गेलो तर, “ते कंपनीचं आहे ताई, आमचा काय संबंध?” पावती म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. या शिक्क्याला घाबरून लोक गप्प बसतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. बिल न देणंही त्यातच येतं. मिस्टरांनी तिथंच उभं राहून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, मराठीत बोलता येतं. पलीकडून दुकानाचं नाव विचारलेलं ऐकल्यावर मालक स्वतः आतून बाहेर आले. “अहो दादा, एवढं कशाला?” म्हणत ८९९ रुपये काउंटरवर ठेवले.

स्क्रीनचे साडेपाच हजार मात्र आमचेच गेले. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी नाही. आम्ही ती चिठ्ठी, खोकं आणि कापलेलं कव्हर जपून ठेवलंय, अर्ज भरायला घेतलाय. फोनला सध्या २५० रुपयांचं मऊ कव्हर आहे. काही महिन्यांत ते पिवळं पडेल, टीपीयूचं तसं होतंच. पण कड उंच आहे, आणि घेताना पक्कं बिल मागून घेतलंय.