'स्वच्छ'ची घरोघर कचरासेवा: काम चोख, अडतं ते उंबऱ्यावर

पुण्यात रोज सकाळी दारावर कचरा न्यायला येणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून ती निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते. सभासदांना महापालिकेचा पगार नाही. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकून येणारे पैसे, हीच मुख्य कमाई. हे ठाऊक असलं की सेवा कुठे नीट चालते आणि कुठे बिघडते, ते कळतं.

जुन्या पेठांत किंवा कोथरूडच्या बिनलिफ्टच्या तीन मजली इमारतींत ही सेवा उत्तम चालते. ताई दारात येतात, डबा हातात घेतात, ओल्यात प्लॅस्टिक दिसलं तर तिथल्या तिथे सांगतात. दोन-चारदा ऐकलं की घराला वळण लागतं.

बाणेर, खराडीकडच्या टॉवरांत अनेक ठिकाणी हे बोलणंच होत नाही. मजल्यावरचा कचरा हाउसकीपिंगचा मुलगा गोळा करून खाली कचराखोलीत टाकतो आणि वर्गीकरण तिथे होतं. फ्लॅट आणि वेचक बाई यांच्यामध्ये तो मुलगा, त्याचा सुपरवायझर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. डायपर ओल्यात टाकू नका, एवढा निरोप या तिघांतून वर पोचेपर्यंत विरून जातो. शुल्क मेंटेनन्सच्या बिलात मिसळलं की आपला कचरा कोण उचलतं हेही घरात कुणाला माहीत नसतं. अशा ठिकाणी तक्रार 'कचरा नीट उचलत नाहीत' अशी येते; बिघाड मात्र वरच्या मजल्यांवर असतो.

गाठ मारलेल्या काळ्या पिशवीत काय असतं? शिळी भाजी, दुधाची पिशवी, फुटका ग्लास, दाढीचं ब्लेड. ती पिशवी शेवटी कुणीतरी हातानेच फाडतं. म्हणून ओला कचरा पिशवीत बांधू नका. डब्यात तळाशी कागद घाला, पाणी निथळून टाका, डबा थेट रिकामा करू द्या. दुधाच्या पिशव्या विसळून, वाळवून सुक्यात द्या. खरकटं लागलेल्या प्लॅस्टिकला भाव येत नाही, म्हणजे वेचक बाईची त्या दिवसाची कमाई बुडते. काच, ब्लेड जाड कागदात गुंडाळून वेगळं हातात द्या आणि तोंडानं सांगा. सॅनिटरी पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेनाने ठळक लाल ठिपका काढा; उघडून बघावं लागत नाही.

या कामात बहुसंख्य बाया दलित समाजातल्या आहेत. त्यामुळे डबा बाहेर फरशीवर ठेवून दार लोटून घेण्याची सवय दर वेळी नुसत्या घाईची नसते, हे स्पष्ट बोललं पाहिजे. वॉचमनला चालणारा तळमजल्यावरचा संडास तिला चालत नाही, दहाव्या मजल्यावरचं ओझं घेऊन तिला लिफ्ट वापरू देत नाहीत, पाणी मागितलं तर वेगळा पेला शोधला जातो. आणि विसर्जनाच्या दिवशी घाटावर याच बायांच्या हातात आपण निर्माल्य निःशंकपणे देतो!

सोसायटीने चार गोष्टी ठरवाव्यात. लिफ्ट आणि संडास वापरण्याची परवानगी सूचनाफलकावर लेखी लावावी, वॉचमनच्या मर्जीवर सोडू नये. 'स्वच्छ'च्या सभासदाकडे ओळखपत्र असतं. त्यावरचं नाव सगळ्या फ्लॅटना कळवावं आणि त्याच नावाने हाक मारावी. शुल्क महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, घासाघीस न करता द्यावं. त्या सुट्टीवर असल्या तर बदली कोण येणार, हे त्यांनाच विचारून ठेवावं.

जुने कपडे, गाद्या, ई-कचरा रोजच्या फेरीत देऊ नका. त्यासाठी 'स्वच्छ'ची 'व्ही-कलेक्ट' ही वेगळी मोहीम असते.

घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणारे मोठे निर्माते ठरतात आणि अशा सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणं अपेक्षित आहे. खताचा खड्डा सांभाळायचं काम या बायांकडेच द्यावं, पण त्याचे पैसे वेगळे धरावेत. रोजच्या शुल्कात ते उरकून घेऊ नये.