फेटलेली कॉफी की काळी?
आमच्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजारात पाहुणा आला की आई वाटीत कॉफी, साखर अन् चमचाभर दूध घालून फेस पांढुरका होईपर्यंत फेटते. चव झकास, पण कपामागे तीन चमचे साखर! जास्तीची साखर त्वचेतल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला चिकटून ते ताठर करते, सुरकुत्यांना हातभार लागतो. काळ्या बिनसाखरेच्या कॉफीत अँटिऑक्सिडंट तेवढीच मिळतात, साखर नाही. म्हणून माझं मत काळीलाच.

पावडर सारखी, तर कॅफिनही सारखंच. निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात; सूरसागर तलावावर संध्याकाळी फिरून आल्यावर दोन्ही नकोतच. निरोगी माणसानं दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, गरोदर बाईनं २००च्या.

फेटलेली रविवारी, आईच्या हातची.