तीन खाचांचा स्प्रिंग-प्रक्षेपक: अकरावीच्या प्रयोगशाळेत आठ महिने वापरल्यावर

16 मिमीची पोलादी गोळी, स्प्रिंगला तीन खाचा, बाजूला कोनमापक आणि ओळंबा, नळीच्या तोंडापुढे दोन फोटोगेट (गोळीने प्रकाशकिरण अडवल्याची वेळ टिपणारी साधनं) बसवण्यासाठी पट्टी. अशा रचनेचा प्रक्षेपक प्रक्षेप्य गतीच्या (फेकलेल्या वस्तूच्या गतीच्या) धड्यासाठी घ्यावा का? घ्यावा. पण खोक्यातून काढून थेट तासाला नेऊ नका. बसवणीला अर्धा तास लागतो आणि पुढचे सगळे आकडे त्या अर्ध्या तासावर अवलंबून असतात.

सी-क्लॅम्प हलक्या प्लायच्या टेबलावर आवळू नका. चापाची दोरी ओढताना टेबल दोन-तीन मिमी सरकतं आणि गोळी पडते तिथे कार्बन पेपरने उमटणारे ठिपके पसरतात. जड टेबलाचा कोपरा धरा, नळीचं तोंड कडेच्या बाहेर येऊ द्या. दोरी नळीला काटकोनात, एका झटक्यात ओढायची. हळूहळू ताणली की नळीच फिरते. कोन ओळंब्यावरून वाचायचा असल्याने टेबल पुढे-मागे कललेलं असलं तरी बिघडत नाही. बाजूला कललेलं मात्र चालत नाही: दोरा तबकडीला घासून अडकतो आणि चुकीचा कोन दाखवतो. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला. पंखा बंद करा, नाहीतर ओळंबा स्थिर राहतच नाही. 0 अंशाच्या जागी 1 अंश झाला तर दीड मीटरच्या पल्ल्यात दोन सेंटीमीटर वाढतात.

उंची मोजताना दोन चुका हमखास होतात. पहिली, नळीच्या मध्यापासून मोजणं. जमिनीला गोळीचा तळ टेकतो, म्हणून सुटतानाच्या गोळीच्या तळापासून मोजा. ती जागा नळीच्या बाजूला वर्तुळाने दाखवलेली असते. दुसरी, टेबलाच्या पायाशी मोजणं. धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून प्रयोगशाळेच्या फरशीला बहुतेक वेळा उतार असतो, तेव्हा उंची गोळी पडते तिथली हवी. लांब पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात, तीच युक्ती इथे चालते.

आमच्या बसवणीत उंची 95 सेंमी. दुसऱ्या खाचेवरून आडवा मारा केल्यावर दहा ठिपक्यांची सरासरी 1.54 मीटर आली. पडायला लागणारा वेळ 0.441 सेकंद, म्हणजे मुखवेग (नळीतून सुटतानाचा वेग) 3.49 मी/से. g (गुरुत्वत्वरण) साठी 9.78 घेतला, आपल्या अक्षांशावर 9.8 पेक्षा तोच जवळचा. 10 सेंमी अंतरावरच्या दोन फोटोगेटमध्ये 28.6 मिलिसेकंद मिळाले, म्हणजे 3.50. फोटोगेट एकच असेल आणि गोळीच्या व्यासावरून वेग काढत असाल तर किरण बरोबर मध्यातून जायला हवा. 3 मिमी वर-खाली झाला तर 16 ऐवजी 14.8 मिमीच अडतात आणि वेग सुमारे आठ टक्क्यांनी फुगतो. दोन गेटच्या पद्धतीत ही भानगड नाही.

फोटोगेट नसतील तर फोनवर फायफॉक्स हे अ‍ॅप घ्या. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच चापाच्या खटक्याने सुरू होतं, गोळी आदळल्यावर थांबतं. पडण्याच्या जागी स्टीलचं ताट उपडं ठेवा, आवाज खणखणीत येतो (उंचीतून ताटाची उंची वजा करायची). फोन दोन्ही जागांपासून सारख्या अंतरावर असू द्या, म्हणजे आवाजाच्या प्रवासाचा उशीर दोन्हीकडे सारखाच होतो.

आता या यंत्राचा खरा उपयोग. 3.49 हा वेग घेऊन, पडण्याची पातळी नळीच्या तोंडाइतकीच ठेवून, मुलं 45 अंशाचा पल्ला काढतात: 1.25 मीटर. गोळी पडते 1.17 ते 1.18 च्या आसपास. हवेचा अडथळा म्हणून मोकळं होता येत नाही; या वेगाला पोलादी गोळीवर तो वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. कारण नळीत आहे. दुसऱ्या खाचेला स्प्रिंग सुमारे 5 सेंमी दबते. नळी वर कलली की त्या 5 सेंमीत गुरुत्वाविरुद्ध काम करावं लागतं आणि वेगाचा वर्ग 2gL sinθ ने घटतो (L म्हणजे ते 5 सेंमी, θ म्हणजे नळीचा कोन). 45 अंशाला ही घट साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त. याच कारणाने 30 आणि 60 अंशांचे पल्ले पुस्तकात सारखे असले तरी इथे 60 चा तीनेक सेंमी कमी भरतो. वही ‘सुधारून’ दोन्ही आकडे सारखे करणारी मुलं इथेच सापडतात! यंत्राचे ठिपके सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या आत पडतात, म्हणून हा फरक दिसतो. स्वस्तातल्या रबरी बेचकीसारख्या खेळण्यात तो दिसणं शक्य नाही.

टेबलावरून जमिनीवर मारा करताना 45 अंशाला पल्ला सर्वांत जास्त, हेही खोटं ठरतं. 95 सेंमी उंची आणि 3.49 वेगाला गणिताने 32 अंश येतात. तिथे 1.98 मीटर, 45 ला 1.88. नळीतली घट धरली की हा कोन आणखी थोडा खाली सरकतो.

तक्रारी. पहिल्या खाचेवर ठिपके तुलनेने जास्त विखुरतात. गोळी तळाशी नीट टेकली नाही तर लगेच फरक पडतो. गोळी दांडीनेच आत ढकला, बोटाने नको. नळीत डोळा लावून बघायची मुलांना फार हौस असते. गोळी आत आहे का ते बाजूच्या फटीतून दिसतं, आणि सुरक्षा-चष्म्याशिवाय कुणालाही नळीसमोर उभं करू नका. पावसाळ्यात गोळ्यांना गंज चढला. तेल लावून ठेवल्या तर गंज थांबतो, पण प्रयोगाआधी कोरड्या पुसाव्या लागतात, नाहीतर पहिले काही मारे वेगळेच येतात. स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत कपाटात ठेवू नका.

गोळी सुटताक्षणी विद्युतचुंबकाने लक्ष्य खाली सोडायचं आणि गोळी त्यालाच लागते हे दाखवायचं, असा प्रयोगही यावर होतो, पण चुंबकाचा प्रवाह थांबल्यावरही लोखंड क्षणभर चिकटून राहतं. 10 मिलिसेकंद उशीर झाला तर 0.4 सेकंदांनंतर गोळी लक्ष्याच्या चार सेंमी खालून जाते. प्रवाह जेमतेम धरेल इतकाच ठेवा आणि मध्ये कागदाचा कपटा घाला.

पैसे कमी असतील तर फोटोगेटचा संच पुढच्या वर्षी घ्या. कार्बन पेपर मात्र पाकीटभर आणून ठेवा. आता प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात तो मिळत नाही, आणि एका तुकडीत पाच-सहा ताव सहज फाटतात.